मदत हवी आहे: वडिलांची दाढी घरीच गुळगुळीत कशी करावी? पाणी बोअरचं, खारं

नमस्कार मंडळी. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. वडील ऐंशीच्या पुढचे. गावचे न्हावी काका वर्षानुवर्षं घरी येऊन ओसरीवर त्यांची दाढी करत, सुगीला ज्वारी घेऊन जात. आता काका थकले, मुलं शहरात सलून चालवतात. वडिलांचे गुडघे तालुक्यापर्यंतही साथ देत नाहीत, म्हणून हे काम माझ्याकडे आलं आहे. मला ते नीट करायचंच आहे. दाढी झाली की ते गालावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "माशी बसली तं घसरली पाह्यजे." ट्रिमरने खुंट राहतात. तीन पात्यांचं प्लास्टिकचं रेझर आठवड्याच्या दाढीत लगेच तुंबतं.

काकांनी आपला जुना वस्तरा, चामडी पट्टा आणि दगड आम्हाला देऊन टाकला आहे. शिवाय घरात ब्लेड घालायचं लोखंडी रेझरही आहे.

अडचण अशी: साबणाला फेस येतो आणि गालावर लावेपर्यंत विरतो. गाल सैल आहेत, पातं अडकतं. गळ्यावर, विशेषतः घाटीच्या बाजूंना, खुंट राहतात. तिथे उलटा हात मारला की दुसऱ्या दिवशी लाल पुरळ. आणि वस्तऱ्याला धार लावायची रीत कोणी सांगेल का?

प्रतिसाद
भाऊ, आमच्या घरी हाच धंदा व्हता. आधी पाण्याचं पाहा. खाऱ्या, जड पाण्यात साबण फाटते, फेस टिकतच नाई. दाढीले पाणी लागते लोटाभर, तेवढं कॅनचं फिल्टरचं घ्या. दुपट्टा गरम पाण्यात पिळून दोन-तीन मिनिटं गालावर ठेवा. भिजलेला केस नरम पडते, सहज कापल्या जाते. मंग ब्रशनं गोल गोल फेस करा, घट्ट झाला पाह्यजे.

सैल गालाले डाव्या हातानं कानाकडे वर ताणा. बोटं घसरतात नं? बोटाले ओली तुरटी चोळा, चामडी पक्की धरल्या जाते. हे आमच्या बाबांनं शिकवलं.

गळ्यावर केस एका दिशेनं नसते. कोरड्या बोटानं चाचपून पाहा, कुठं आडवे, कुठं वर जाते. पयला हात केसाच्या दिशेनं, पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात फक्त गालावर. गळ्यावर नाईच.

धारेचं: पट्ट्यावर वस्तऱ्याची पाठ पुढं, धार मागं. उलटवतांनी पाठीवरून फिरवा, धारेवरून नाई, नाहीतर धारही जाते अन् पट्टाही कापल्या जाते. धारेवर गंजाचे खड्डे असन तं पट्ट्यानं काई होत नाई, आधी दगड लागते.

प्रतिसाद
मी परिचारिका आहे. दादा, वडिलांना हृदयाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल तर उघडा वस्तरा नको. सराव नसलेल्या हातात सुरकुतलेल्या त्वचेवर तो सहज लागतो आणि रक्त लवकर थांबत नाही. तुरटीने बारीक ओरखडा थांबतो, कापलेलं नाही. तसं झालंच तर स्वच्छ कापडाने दाबून धरा, मध्ये मध्ये उचलून पाहू नका. पुरळात पू दिसला तर ते पूर्ण बरं होईपर्यंत दाढी थांबवा.

धागाकर्ता
ताई, बरं झालं विचारलंत. गोळी चालू आहे, स्टेंट बसवला आहे. वस्तरा जपून ठेवतो, दाढी लोखंडी रेझरनेच करीन. दादा, तुरटीची युक्ती तर कुठेच ऐकली नव्हती, मनापासून आभार. त्या रेझरने तेवढी गुळगुळीत होईल का? आणि दाबायचं किती?

प्रतिसाद
होईन ना. दाबाचंच नाई, रेझरचं वजनच पुरते. दांडा गालापासून साधारण ३० अंशावर धरा, छोटे छोटे हात मारा अन् दर दोन हातांनं पाण्यात हालवा. ब्लेड खेचाले लागलं का लगेच बदला. झाल्यावर धुवून झटका, धार पुसू नका. अन् ते रेझर वडिलांचंच राहू द्या, घरात दुसऱ्यानं वापरू नये.