स्लीमान मन्सूर यांच्या मातीच्या चित्रांतल्या भेगा: माती फळीला धरून कशी राहते?

प्रश्न (गारा_लिंपण):
पॅलेस्टिनी चित्रकार मन्सूर यांची फळीवर माती थापून केलेली चित्रं आहेत, त्यांत भेगांचं जाळं दिसतं पण माती फळीला धरून असते. त्याच पद्धतीच्या सराव-नमुन्यात (२ × ३ फूट, १२ मिमी प्लायवूड, मातीचा एकच १५ मिमी थर) मोठे पोपडे सुटले, कडा वर वळल्या आणि प्लायवूडला बाक आला. मातीत काय मिसळावं? आणि त्यांनी रंग सोडून मातीच का घेतली?

उत्तर १ (ओलाकोरा):
आधी दुसरा प्रश्न. १९८७ मध्ये पहिला इंतिफादा (इस्रायली ताब्याविरुद्धचा पॅलेस्टिनी उठाव) सुरू झाला, इस्रायली मालावर बहिष्कार आला. दुकानातले रंग, कॅनव्हास त्या मालातच मोडत होते. मन्सूर, वेरा तमारी, नबील अनानी आणि तैसीर बरकात या चौघांनी ‘नवी दृष्टी’ या अर्थाच्या नावाचा गट केला आणि हाताशी असेल त्यावर काम सुरू केलं. मन्सूर यांनी माती घेतली, अनानी यांनी कातडं आणि मेंदी, तमारी यांनी भाजलेली माती, बरकात यांनी लाकूड जाळून उमटणारी रेघ. पॅलेस्टिनी खेड्यांत बायका धान्याची कणगी (खाबिया) माती आणि काडाचीच घडवत, त्यामुळे हे माध्यम परकं नव्हतं.

आता पोपडे. खालचा भाग ओला असतानाच वरचा वाळतो आणि आक्रसतो, म्हणून माती फाटते. फळीने घट्ट धरली असेल तर जागच्या जागी फाटते आणि भेगांचं जाळं होतं. धरली नसेल तर कडांपासून वळत सुटते. म्हणजे तुमच्याकडे पकड कमी पडली. थर जितका जाड तितक्या भेगा रुंद आणि लांब-लांब. बारीक जाळं हवं तर थर पातळच हवा.

उत्तर २ (चाळणी):
वरच्या उत्तराला जोडून मापं देतो.

चाळलेली माती काचेच्या बरणीत पाण्यात ढवळून दिवसभर ठेवा. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, चिकणमाती सर्वांत शेवटी, वर. चिकण थर एकूण उंचीच्या पाव हिश्शाच्या आसपास असावा. मग २० सेंमीची पट्टी थापून वाळवा. १ सेंमी आखडली तर आकुंचन ५ टक्के, तिथपर्यंत चालतं. त्याहून जास्त आखडली तर वाळू वाढवा. काड १ ते ३ सेंमी तोडून, आकारमानाने मातीच्या निम्मं, भिजवून दोन-तीन दिवस मुरू द्या. काडामुळे भेगा पूर्ण थांबत नाहीत, पण दोन्ही काठ बांधलेले राहतात.

प्लायवूडला बाक आला कारण पाणी एकाच बाजूने शिरलं. दोन्ही बाजू आणि कडा आधी पाणी शिरणार नाही अशा बंद करा. मग पांढऱ्या गोंदाने गोणपाट चिकटवा, किंवा ओल्या गोंदावर जाड वाळू पसरा. थर ३ ते ५ मिमीचे, आधीचा कातड्यासारखा घट्ट, पण अजून किंचित ओलसर झाल्यावरच पुढचा. सावलीत, वारा न लागता वाळवा. कडा आधी वाळतात, त्यांवर ओलं फडकं ठेवा.

शेवटी भेगांत सिरिंजने पातळ गोंद (१ भाग गोंद, १० भाग पाणी) सोडा. पूर्ण पृष्ठभागावर गोंद ओतला तर माती काळवंडते, वर चकाकती साय येते आणि पुढे तीच साय माती उचलून निघते. बऱ्याच नकला इथेच फसतात.

उत्तर ३ (सब्बार):
तंत्र पक्कं झालं, पण भूमीबद्दलच्या पॅलेस्टिनी कलेचा अभ्यास करताना मातीवरच थांबू नका. चित्रकार असीम अबू शकरा यांनी कुंडीतलं निवडुंग पुन्हा पुन्हा रंगवलं. १९४८ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या पॅलेस्टिनी गावांच्या शिवा आजही निवडुंगाच्या कुंपणावरून ओळखू येतात, कारण मुळं उरली की ते परत फुटतं. अरबीत ‘सब्बार’ म्हणजे निवडुंग आणि ‘सब्र’ म्हणजे धीर. हिब्रूतलं ‘सब्रा’, म्हणजे त्या भूमीत जन्मलेला इस्रायली, हा शब्दही या झाडावरूनच आलेला. एकाच झाडावर दोघांचा दावा, आणि चित्रात ते कुंडीत, जमिनीपासून तोडलेलं. मुळात हे झाड अमेरिका खंडातलं, हेही ध्यानात असू द्या.

पॅलेस्टिनी वंशाच्या कलाकार मोना हातूम यांची १९९६ ची जेरुसलेममधली मांडणीही पाहा. नाबलुसच्या ऑलिव्ह तेलाच्या साबणाच्या दोन हजारांहून जास्त वड्या जमिनीवर मांडल्या आणि त्यांत लाल काचमणी दाबून इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधल्या ओस्लो करारातल्या नकाशाच्या सीमा काढल्या. साबण विरघळतो, ही गोष्ट तिथे अर्थाचाच भाग आहे.

गारा_लिंपण:
गोणपाट आणि पातळ थर कळलं. मेंदीचा रंग कागदावर चालेल का?

चाळणी:
टिकणार नाही. मेंदीचं रंगद्रव्य प्रथिनाला धरतं, म्हणून कातड्यावर पक्कं बसतं. कागदावर नुसता डाग उरतो. शिवाय उजेडात फिकटतो, म्हणून कातड्यावर केलं तरी खिडकीसमोर टांगू नका.