कूपन, घासाघीस आणि जाळ्यांची एकत्र ऑर्डर

निखिल (ए-३०४): पहिल्या ऑर्डरवर २५% सूट आहे. माझी वापरून झाली. आईच्या नंबरवरून नवीन खातं काढलं तर चालेल ना? पत्ता तोच.

सीमाताई (बी-२०२): आधी अटी उघड. ‘प्रति ग्राहक’ लिहिलंय की ‘प्रति घर’? ‘प्रति ग्राहक’ असेल आणि आई खरंच स्वतःसाठी मागवणार असतील, तर बिनधास्त. ‘प्रति घर’ असेल तर तुमचं कूपन संपलं. पत्ता, कार्ड, फोन बऱ्याचदा जुळवून बघतात. ऑर्डर रद्द होते, कधी दोन्ही खाती बंद.

निखिल: म्हणजे पकडलं जाईल म्हणून नको?

सीमाताई: अट मान्य म्हणून टिक केलंस, म्हणून नको. पकडलं जाणं ही नंतरची गोष्ट.

देशपांडेकाका (सी-१०१): छापील कूपनचंही तेच. कंपनीच्या कूपनवर दुकानदार आधी स्वतःच्या गल्ल्यातून सूट देतो, मग कूपन जमा करून कंपनीकडून वसूल करतो. मोठ्या पॅकचं कूपन छोट्यावर खपवलं किंवा झेरॉक्स दिली, तर कंपनी दावा नाकारू शकते आणि भुर्दंड त्याला. ‘मशीनने घेतलं की’ म्हणू नये.

रेश्मा (ए-५०१): १००० किंवा जास्त खरेदीवर २०० सूट होती. ६०० आणि ४०० च्या दोन वस्तू घेतल्या. ४०० ची परत केली तर किती मिळायला हवेत?

सीमाताई: बहुतेक ठिकाणी सूट वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटतात: १२० आणि ८०. म्हणून ३२० परत. काही जण मर्यादा मोडली म्हणून पूर्ण २०० कापतात, मग हातात २०० च. बिलावर कोणती पद्धत आहे ते बघ. वस्तू खराब निघाली म्हणून परत करत असशील तर भांड. पण १००० भरायला मुद्दाम वस्तू टाकायची आणि नंतर परत करायची, हा उद्योग नको.

देशपांडेकाका: कॅशियरकडून चुकून दोनदा सूट लागली तर बिल निघायच्या आत सांगा, एक ओळ रद्द केली की झालं. नंतर रात्री हिशेब जुळवताना तो अडकू शकतो.

रेश्मा: खिडक्यांच्या जाळ्या आपण एकत्र मागवतोय, त्यासाठी जाळीवाल्याला ‘१० घरं आहेत’ सांगून भाव पाडायचा का?

सीमाताई: १० आहेत का? पक्की ६ असतील तर ६ सांग. तो मापाच्या फेऱ्या आणि कच्चा माल १० घरांवर धरून भाव देतो. ४ गळाली की तोटा भरायला फ्रेम पातळ येते, स्क्रू कमी येतात. ५, १० आणि १५ घरांचा वेगळा भाव लिहून माग. आपलं बजेट सांगायची सक्ती नाही, गप्प बसलं तरी चालतं. फक्त नसलेलं दुसरं कोटेशन फेकू नये. तो ‘दाखवा’ म्हणाला की पंचाईत. खरं कोटेशन असेल तर फ्रेमची जाडी, फिटिंग, कर, वॉरंटी सारखी आहे का ते आधी तपास.

देशपांडेकाका: आणि ‘बिल नको, कर वगळा’ ही घासाघीस नव्हे. जाळी फाटली की वॉरंटी कशाच्या जोरावर मागणार? ठरलेला भाव माल दारात आल्यावर पुन्हा पाडायचा नाही, तेवढं पाळा.

रेश्मा: तक्ता टाकते. फ्लॅट, खिडक्या, ‘पक्कं’ की ‘कदाचित’. पक्कंवाल्यांनी आगाऊ रक्कम रविवारपर्यंत द्यायची.

निखिल: ‘प्रति घर’च लिहिलंय 😐 जाळ्यांचं: ए-३०४, ३ खिडक्या, कदाचित.