हापिसात शिपाई, परेडला हवालदार

दादा, टेरिटोरियल आर्मीला (टीए, म्हणजे आपली नोकरी सांभाळून करायची अर्धवेळ फौज) तुम्ही ‘रविवारची फौज’ म्हणालात, ते आम्हालाही ऐकावं लागायचं. शहरी युनिटचा प्रकारच तसा. सुट्टीच्या दिवशी चार तास परेड केली की प्रशिक्षणाचा एक दिवस भरायचा, शिवाय वार्षिक कॅम्प.

पण खरी गंमत हुद्द्यांची! फोर्टातल्या एका हापिसातले हेडक्लार्क आमच्याकडे साधे जवान, आणि त्यांचाच शिपाई आमचा हवालदार. आठवडाभर "साहेब, चहा आणू?" म्हणणारा माणूस मैदानावर ओरडायचा, "पेट अंदर! ये दफ्तर नहीं है!" एकदा साहेबांच्या बुटांना पॉलिश नव्हतं. झालं, पाठीवर पिठ्ठू (फौजी सामानाची पिशवी) लादून मैदानाला फेऱ्या. साहेब धापा टाकतायत, आणि हवालदार शेजारून पळत हळूच मराठीत, "जरा दमानं घ्या साहेब, माझा रजेचा अर्ज तुमच्याच टेबलावर आहे." अर्ज मंजूर झाला. त्यावर पेन्सिलीने शेरा होता, ‘परतताना बूट पॉलिश करून यावे.’

2011 मध्ये धोनीला टीएत मानद लेफ्टनंट कर्नल केलं, तेव्हा हेच साहेब अख्ख्या चाळीला सांगत फिरले, "धोनी आणि मी एकाच खात्यातले."

9 ऑक्टोबरला, म्हणजे टीएच्या स्थापनादिनी, आम्ही अजून दादरला भेटतो. ऑर्डर हवालदार सोडतो, बिल साहेब भरतात.