फ्रेंच बोलतात पण क्यूबेकचे नाहीत, मग या अकेडियन लोकांचं राष्ट्र नेमकं कुठलं?

मुक्काम_मॉन्कटन
मंडळी, नोकरीमुळे न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या मॉन्कटनला आलोय, कॅनडाच्या पूर्व टोकाला. शेजारच्या डिएप गावात जिकडे बघावं तिकडे फ्रान्सचा झेंडा आणि त्यातल्या निळ्या पट्ट्यात वर एक पिवळा तारा. दारावर, टपालपेटीवर, विजेच्या खांबांवरसुद्धा! ऑफिसातल्या एकाला विचारलं तर म्हणे आम्ही अकेडियन, आमचं राष्ट्र आहे. म्हटलं मग शेजारच्या फ्रेंच प्रांतातल्या क्यूबेकवाल्यांसारखं देशापासून वेगळं व्हायचंय का? तर हसला, म्हणाला त्यांचं त्यांच्याजवळ. आणि कॅनडा डेची आतषबाजी बघायला हाच माणूस पोराला खांद्यावर घेऊन पुढे. आता राज्य नाही, सीमा नाही, नकाशात नाव नाही, तरी राष्ट्र म्हणायचं कशाला? आपल्या बेळगावसारखं काही आहे का हे? जुने लोक असाल तर जरा सांगा.

विदुला_के
बेळगावसारखं अजिबात नाही हो. सीमाभागातल्या मराठी माणसाला शेजारच्या राज्यात यायचंय, यांना शेजारच्या प्रांतात जायचंच नाहीये.
हे फ्रान्सहून आलेले लोक १६०४-०५ पासूनचे, म्हणजे क्यूबेक शहर वसायच्या आधीचे. फंडीच्या खाडीकाठी बांध घालून भरतीचं पाणी अडवून शेती करायचे. १७१३ च्या तहात त्यांचा मुलूख, म्हणजे नोव्हा स्कोशिया, इंग्रजांकडे गेलं, त्यांनी बिनशर्त निष्ठेची शपथ मागितली, यांचं म्हणणं आम्ही कुणाच्याच बाजूने लढणार नाही. झालं, १७५५ पासून घरं जाळून, माणसं जहाजांत कोंबून बाहेर काढली, पुढच्या आठ वर्षांत दहा हजारांच्या आसपास लोक. बरेच वाटेतच मेले. परत आले त्यांना जुनी जमीन मिळाली नाही कारण तिथे दुसरे येऊन बसले होते, म्हणून मग हे कॅराकेट, बूक्टूश वगैरे किनारा. क्यूबेकच्या इतिहासात हे घडलेलंच नाही. १८८१ मधे मेमरामकुकच्या अधिवेशनात प्रश्न आला की क्यूबेकबरोबर २४ जून, म्हणजे त्यांचा सेंट जॉनचा सण, साजरा करायचा का, तर नको म्हणाले आणि १५ ऑगस्ट घेतला, मेरीमातेचा सण. (हो, आपलीच तारीख!) १८८४ ला झेंडा आणि गाणं, तेही लॅटिनमधे. म्हणजे तुमच्या ऑफिसातला माणूस जे बोलला ते त्याच्या खापरपणजोबांनी ठरवून ठेवलंय.

बांधावरचा
विदुलाताईंनी इतिहास सांगितला, मी पैशाचं सांगतो कारण खरी मेख तिथे आहे. १९६० मधेही इथे शाळा-दवाखाने काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखं) करावर चालायचे, फ्रेंच काउंट्या गरीब, त्यामुळे शाळाही तशाच. त्या वर्षी लुई रोबिशो निवडून आला, निवडून आलेला पहिला अकेडियन प्रीमियर (म्हणजे प्रांताचा मुख्यमंत्री), त्याने काउंटी सरकारं बंद करून हा खर्च प्रांताकडे घेतला. मॉन्कटनचं फ्रेंच विद्यापीठ १९६३ चं, इंग्रजी-फ्रेंच द्विभाषिक कायदा १९६९ चा. अजूनही अधिकृतरीत्या द्विभाषिक असलेला हा एकच प्रांत. १९९३ ला तर दोन्ही भाषिक समाज समान हे थेट देशाच्या घटनेत घातलं. आता सांगा, ज्याचा हक्क ओटावाच्या, म्हणजे देशाच्या, घटनेत लिहिलाय तो क्यूबेकबरोबर देश सोडायला का निघेल? १९९५ मधे वेगळं व्हायचं का या सार्वमतात क्यूबेकमधे ५०.५८ टक्के 'नाही' पडली, तेव्हा इथल्या बऱ्याच लोकांचा जीव भांड्यात पडला असणार, क्यूबेक गेलं असतं तर उरलेल्या कॅनडात यांना विचारलं कोणी असतं? वेगळा अकेडियन प्रांत मागणारा एक पक्षही १९७२ ला निघाला होता, एकही जागा न जिंकता संपला.

सरळ_बोलतो
सगळं ठीक, पण फ्रेंच येत नसलेल्या आपल्यासारख्याला सरकारी नोकरीची जाहिरात बघून कसं वाटतं तेही लिहा. जिथे तिथे द्विभाषिक हवा. शाळांच्या व्यवस्था दोन, हॉस्पिटलांची नेटवर्क दोन, साडेआठ लाखांच्या आसपासच्या प्रांताला. खर्च कोण करतंय? इंग्रज लोकही कुरकुरतात, उगाच नाही.

बांधावरचा
कुरकुर १९६९ पासून चालूच आहे. पण फ्रेंच मातृभाषा असलेले जवळपास ३० टक्के आहेत, ते पण कर भरतात की. आणि खरं सांगू का, द्विभाषिक तेच असतात, समोर एक इंग्रज असला की आठ जणांची अख्खी मीटिंग इंग्रजीत वळते, हे मी दर आठवड्याला बघतो. दोन शाळा नसत्या तर दोन पिढ्यांत काम तमाम. लुइझियानात काय झालं बघा, हद्दपार झालेल्यांतले बरेच तिकडे गेले, केजन म्हणतात, आडनावं तीच लब्लां, लँड्री, ब्रूसार्ड, अभिमान भरपूर, पण शाळेत फ्रेंच बोललं की पोरांना शिक्षा व्हायची आणि आता नातवंडं इंग्रजीच बोलतात.

एडमंडस्टन_रिटर्न
एक पुस्ती जोडतो. सगळे फ्रेंच म्हणजे अकेडियन असंही समजू नका. वायव्येला एडमंडस्टनकडे बरेच लोक स्वतःला ब्रेयॉन म्हणवतात, त्यांचं गमतीचं 'मडवास्का प्रजासत्ताक' आहे, गरुडाचा झेंडा आहे आणि शहराचा महापौर पदसिद्ध राष्ट्राध्यक्ष! तिथे कोणाला सरसकट अकेडियन म्हणालात तर चहा गार होईपर्यंत समजावत बसतील.

मुक्काम_मॉन्कटन
राष्ट्राध्यक्ष हे भारीच 😄 म्हणजे राष्ट्र हे, पण सरकार ओटावाचंच हवं, असं दिसतंय एकंदर. धन्यवाद सगळ्यांना. १५ ऑगस्टला इथेच थांबू की कॅराकेटला जाऊ?

विदुला_के
कॅराकेट, डोळे झाकून. हद्दपारीचं वर्ष १७५५, म्हणून संध्याकाळी ५:५५ ला (म्हणजे १७:५५) तँतामार सुरू होतो, हजारो माणसं रस्त्यावर डबे, पातेली, भोंगे जे हाती लागेल ते बडवत निघतात. मॉन्कटनहून अडीच-तीन तास ड्राइव्ह. खोली मात्र आत्ताच बुक करा, ऑगस्टमधे मिळत नाही, आणि मुलं असतील तर कानात घालायला बोळे न्या.