मदत हवी आहे : बाबांच्या पोटाचं कुठे दाखवू?

बाबा ६२ वर्षांचे, आम्ही लालबागला राहतो. दीड महिना झाला, त्यांचं पोट नीट साफ होत नाही. मध्येच दोन दिवस जुलाब, की पुन्हा बद्धकोष्ठ. रात्री इसबगोल चालूच आहे. परवा शौचाला रक्त पडलं. "मूळव्याध असेल रे, वडापाव बंद करतो," म्हणाले. झालं! पण पट्ट्याला त्यांनी गुपचूप नवं भोक पाडलंय, ते मी पाहिलं. या वयात शौचाची सवय बदलली, रक्त पडलं, वजन उतरलं, तर मूळव्याध धरून बसू नये एवढं मला कळतं.

परळच्या केईएम हॉस्पिटलला न्यायचं आहे. आधी सर्जरीची ओपीडी की पोटविकाराची? केसपेपरला किती वाजता रांग लावावी? आणि कोलोनोस्कोपीचं (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं तपासतात ती) नाव काढलं की उठून जाणाऱ्या माणसाला तुम्ही कसं तयार केलंत?