"साखळी लावा" म्हटलं तर एवढं काय बिघडलं?

केळशीकर
परवा एका भटकंती ग्रुपवरची पोस्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचली असेल. पुण्याचे एक गृहस्थ, आंजर्ल्याचा किनारा, जानेवारीतली सकाळ आणि लाटांत उड्या मारणाऱ्या त्यांच्या लॅब्रॅडॉरचे, बडीचे, अकरा फोटो. खाली तक्रार अशी, की एका गावकऱ्याने "कुत्र्याला साखळी लावा" म्हणून हटकलं, सगळा मूड गेला, "समुद्र काय याच्या बापाचा आहे?" लाईकचा नुसता पाऊस. "कोकणी माणूस माजलाय" हे ठरलेलं पालुपद खाली होतंच.

तो गावकरी माझा चुलतभाऊ. ओरडला असेल, नाही म्हणत नाही. पण तो तिथे हवा खायला गेला नव्हता. नोव्हेंबरपासून रोज पहाटे चारला बॅटरी घेऊन किनारा चालतो. कासवाची मादी रात्री अंडी घालून परत गेली की वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी उरते. तिचा माग काढत घरटं शोधायचं. दीड-दोन फूट खोल, तोंड लहान आणि पोट मोठं, सुरईसारखा खड्डा. आत शंभरच्या आसपास अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी. ती हाताने एकेक काढून जाळीच्या कुंपणात तसाच खड्डा करून ठेवायची. मग पन्नासेक दिवस थांबायचं. भावाला एखादं घरटं सापडलं नाही तर ते कुत्र्याला, कोल्ह्याला नाहीतर डुकराला सापडतं.

आता त्या पोस्टमधला सातवा फोटो बघा. बडी पुढच्या दोन्ही पायांनी वाळू उकरतोय. वर लिहिलंय, "खजिना शोधताना". फोटो मोठा करा. मागे उजव्या कोपऱ्यात हिरवी जाळी दिसते.

माझं म्हणणं एवढंच. नोव्हेंबर ते मे, जिथे कासवं येतात त्या किनाऱ्यांवर मोकळा कुत्रा नको, मग तो कितीही गुणी असो. बोला.

बडीचा_बाबा
पोस्ट माझीच होती. कुणीतरी लिंक पाठवली म्हणून आलो.

बडीला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत, महापालिकेचा परवाना आहे, त्याची घाण उचलायला पिशवी माझ्या खिशात असते. त्याच सकाळी त्याच किनाऱ्यावर मी वीस-बावीस गावठी कुत्री मोजली. त्यांना तुमचे भाऊ काही बोलले नाहीत. का? त्यांच्यामागे पुण्याची नंबर प्लेट नव्हती म्हणून?

आणि मूड गेला म्हणजे काय तेही ऐका. वडील गेल्यापासून आई सहा महिने घराबाहेर पडली नव्हती. "बडीला समुद्र दाखवूया" म्हटल्यावर गाडीत बसली. किनाऱ्यावर पहिल्यांदा हसली, आणि तेवढ्यात तो माणूस अंगावर ओरडत आला. कासवांबद्दल एक शब्द बोलला नाही. कासवं म्हणाला असता तर ऐकलं असतं.

कोळीण_हर्णै
ऐकलं असतं म्हणे. आमच्याकडे कोणी ऐकत नाही बाबा.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आईने जुन्या जाळ्यावर जवळा वाळत घातलेला. एक कुत्रा आला, सोनेरी, मोठे केस, हुंगलं, पाय वर केला आणि मोकळा झाला. मालकीण म्हणते, "सॉरी आंटी, ही इज जस्ट अ बेबी." पस्तीस किलोचं बेबी! पाटीभर जवळा टाकून द्यावा लागला. पैसे मागितले तर म्हणे, धुऊन घ्या ना. वाळत आलेला जवळा धुवायचा? शहरात धुऊन खातात काय?

तुमच्या आईचं वाईट वाटलं, खरंच. पण माझ्या आईचाही मूड असतो.

प्राणीमित्र_ठाणे
नेहमीप्रमाणे सगळं खापर मुक्या जनावराच्या डोक्यावर. तो पाळीव असला तर साखळी, भटका असला तर हाकला. कुत्रा माणसाबरोबर हजारो वर्षं आहे. किनाऱ्यावरचे रिसॉर्ट किती वर्षांचे? त्यांच्या दिव्यांनी पिल्लं समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात, त्यावर धागा काढा. मी वर्षातून तीनदा कोकणात येते आणि दरवेळी किनाऱ्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालते. एकही कुत्रा मला आजवर चावलेला नाही.

नियमावली
२०२३ च्या एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण, नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण करून त्याला उचललं तिथेच सोडावं लागतं. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री वगळता तेच कायम ठेवलं. खाऊ मात्र ठरवून दिलेल्या जागीच घालायचा, हेही त्यातच आहे, ताई. नोव्हेंबरच्या आदेशात कुत्री उचलून परत न सोडायच्या जागा म्हणून शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बस डेपो, रेल्वे स्थानकं आली. समुद्रकिनारा त्या यादीत नाही. उलट इथे येणारं ऑलिव्ह रिडले कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे कागदावर कासव वाघाच्या पंक्तीला बसलंय आणि किनाऱ्यावर कुत्र्याच्या.

पेडणेकर_मोरजी
खाऊ घालणाऱ्यांनी आमच्याकडे गोव्यात जूनमध्ये एकदा यावं. सीझनभर शॅकवाले (किनाऱ्यावरची तात्पुरती हॉटेलं) आणि पाहुणे कुत्र्यांना चिकन-फ्राईज चारतात. गुबगुबीत कुत्री, सगळ्यांचे सेल्फी. पावसाआधी शॅक उतरले की पाहुणे गायब, ताट गायब, कुत्री तिथेच. मग टोळ्या होतात. पहाटे चालायला जाणारी म्हातारी माणसं काठी घेऊन जातात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, चारही कासवांचे किनारे आहेत. ताई, तुम्ही वर्षातून तीनदा येता. उरलेले दिवस ती आमच्या वाट्याला.

प्राणीमित्र_ठाणे
म्हणजे उपाशी मारायची का?

पेडणेकर_मोरजी
नाही. ठाण्याला न्या.

गुरांचा_डॉक्टर
दोन्ही बाजूंना थोडं टोचतो. बडीच्या बाबांनी पिशवी ठेवली, उत्तम. कुत्र्याच्या विष्ठेतून हुकवर्मच्या अळ्या वाळूत जातात आणि अनवाणी पायातून कातडीत शिरतात. पायावर नागमोडी लाल रेघ उठते, रोज थोडी पुढे सरकते, खाज अशी की झोप नाही. ज्याला वेळेवर जंताचं औषध दिलंय त्या कुत्र्याकडून हा धोका फार कमी. खरा प्रश्न भटक्यांचा आहे, हे त्यांचं बरोबर.

पण "मला कधी चावला नाही" हा पुरावा नव्हे. मी जनावरांचा डॉक्टर, तरी २०१९ मध्ये रात्री किनाऱ्यावर पोटरीला चावा बसला. जखम खोल, म्हणजे लसीबरोबर सीरमही हवं. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस होती, सीरम नव्हतं. मोटारसायकलवर पोटरीला फडकं बांधून दोन तास. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही, हे मी रोज लोकांना सांगतो. त्या दोन तासांत स्वतःला सांगत होतो.

मालवणी_खाजां
माका एक सांगा, तुमच्या बडीन केंड मासो खाल्ल्यान तर? रापण ओढून झाली की केंड थंयच टाकतत, पोट फुगवून पडलेलो आसता. आमच्या शेजाऱ्याचो वाघ्या तोंडाक लावन बसलो, सांजेपर्यंत गेलो. ईख आसता त्येच्यात. कासवांचा ऱ्हवांदे, तुमच्याच कुत्र्यासाठी साखळी लावा.

बडीचा_बाबा
हे मला खरंच माहीत नव्हतं. आभार. (बघा, असं सांगता येतं. ओरडावं लागत नाही.)

ब्रिस्टलचा_बंड्या
इथे इंग्लंडात बऱ्याच किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर कुत्र्यांना बंदी असते, उरलेले महिने मोकळं रान. पाटी, तारखा, दंड, विषय संपला. कुणाच्या बापाचा प्रश्नच येत नाही.

कोळीण_हर्णै
आला लंडनवाला.

ब्रिस्टलचा_बंड्या
ब्रिस्टल.

वाकडा_आंबा
कुत्र्याचं काय घेऊन बसलात? गाड्या बंद करा आधी! डिसेंबरात दापोलीकडच्या कुठल्याही किनाऱ्यावर उभे राहा, कुत्र्यांपेक्षा गाड्या जास्त. चाकाखाली वाळू दाबली जाते, घरटं असलं तर गेलंच. आणि पिल्लू चाकाच्या चाकोरीत पडलं की त्याला ती दरी वाटते, समुद्र दहा पावलांवर असून तिथेच फिरत राहतं, कावळा उचलतो. साखळी गाडीला लावा.

फोरबायफोर_सातारा
झालं, आता आमच्यावर घसरले. ज्यांना चालवता येत नाही त्यांच्यामुळे सगळे बदनाम. चाकातली हवा अठरापर्यंत उतरवायची, ओल्या वाळूवरून जायचं, ब्रेक मारायचा नाही. माझी गाडी बारा वर्षांत एकदाही अडकली नाही.

ट्रॅक्टर_आहे_का
पांढरी गाडी, मागे घोड्याचं स्टिकर?

फोरबायफोर_सातारा
का?

ट्रॅक्टर_आहे_का
काही नाही. गेल्या वर्षी नाताळ ते एक जानेवारी अकरा गाड्या ओढून काढल्या. त्यातल्या एकाला घोड्याचं स्टिकर होतं. मालक म्हणत होते, बारा वर्षांत पहिल्यांदाच.

फोरबायफोर_सातारा
ती माझ्या मेव्हण्याने चालवली होती.

वाकडा_आंबा
भाऊ, तुमचा रेट काय हो?

ट्रॅक्टर_आहे_का
ओहोटीला दोन हजार. भरती चढायला लागली की पाच.

वाकडा_आंबा
म्हणजे भरती चढेपर्यंत तुम्ही चहा पीत बसायचं! अहो तुमचंच पोट त्यावर आहे, मग गाड्या बंद कशाला होतील? गावाच्या पाटीवर "वाहनांना बंदी" आणि पाटीखाली तुमचा मोबाईल नंबर!

ट्रॅक्टर_आहे_का
तोंड सांभाळून. पाण्यात उतरून दोर कोण बांधतो? खारं पाणी लागून माझ्या ट्रॅक्टरचं काय होतं ते बघायला या. एकदा बोनेटपर्यंत पाणी आलेलं, आत दोन पोरं रडत होती, बाप व्हिडिओ काढत होता. पोरं मी काढली. त्याचे पैसे नाही घेतले. गाडीचे घेतले.

नियमावली
बंदी असताना किनाऱ्यावर वाहन नेलं तर गुन्हा...

ट्रॅक्टर_आहे_का
साहेब, पहाटे सहाला गुन्हा नोंदवायला कोण असतं तिथे? मी असतो आणि यांचा चुलतभाऊ असतो.

फोरबायफोर_सातारा
पर्यटक नको, गाडी नको, कुत्रा नको. मग घरगुती राहण्या-जेवणाच्या पाट्या कशाला लावता? पैसे गुगल पे करू का पुण्याहून?

कोळीण_हर्णै
चालेल. नंबर देऊ? जवळ्याचेही बाकी आहेत.

केळशीकर
मंडळी, धागा कुत्र्यांचा आहे. ट्रॅक्टरसाठी वेगळा काढा, मी पहिला येईन.

बडीच्या बाबांचा गावठी कुत्र्यांचा मुद्दा मला झोंबला, कारण तो खरा आहे. ती कुत्री वाढली कशी? आमच्याच खानावळींची माशांची डोकी, काटे, उरलेला भात रात्री किनाऱ्याच्या कडेला ओततात. मीही ओतलाय. भाऊ त्या कुत्र्यांना हाकलतो, रोज, दगड घेऊन (ठाण्याच्या ताई, नेम वाईट आहे त्याचा). पण ती तासाने परत येतात आणि त्यांना सांगायला मालक नाही. तुम्हाला सांगायला होता, म्हणून तुम्हाला सांगितलं. हा अन्याय आहे, पण दुसरा मार्गही नव्हता.

आणि कासवं वाचवणारे आम्ही फार थोर, असंही नाही. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी वेळासला काम सुरू केलं, तोवर घरटी कुत्र्यांच्या आधी माणसंच फोडत होती. माझ्या आजोबांनी ती अंडी खाल्लेली आहेत. चव विचारली तर म्हणायचे, "कोंबडीचं बरं."

प्राणीमित्र_ठाणे
दगडाचं मी बघितलंय, विसरणार नाही. पण खरकटं ओतण्याचं तुम्ही स्वतःहून कबूल केलंत, याची नोंद घेते. पुढच्या खेपेला किनाऱ्यावर खाऊ घालणार नाही. रस्त्यावर घालेन.

पेडणेकर_मोरजी
उपकार झाले.

वाकडा_आंबा
२०१८ च्या मार्चमध्ये वर्सोव्याला पिल्लं निघाली, आठवतंय? एवढी वर्षं कचऱ्याखाली गेलेला किनारा, आणि कुत्र्यांनी पिल्लांना धरू नये म्हणून स्वयंसेवक रात्रभर राखणीला बसले. मुंबईत हे जमतं. पण वर्सोव्याला गाड्या वाळूवर जात नाहीत हे लक्षात घ्या...

केळशीकर
आंब्या, पुरे.

बडीचा_बाबा
सातवा फोटो मोठा करून पाहिला. हिरवी जाळी आहे. तेव्हा मला वाटलं व्हॉलीबॉलची आहे.

"बापाचा" वाली ओळ काढली. बाकी पोस्ट राहील, कारण तुमचे भाऊ माझ्या आईसमोर ज्या आवाजात बोलले त्याला कासव जबाबदार नाही. साखळी आणेन. गावठी कुत्र्यांचं तुम्ही काय करता तेही बघेन.

आईला हा धागा वाचून दाखवला. ती विचारते, पिल्लं कधी सोडतात?

केळशीकर
मार्च बरा. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर सोडतो. नक्की दिवस आधी सांगता येत नाही, पिल्लं बाहेर येतील तेव्हा. दोन दिवस हाताशी ठेवून या. आईंना पुढे उभं करतो. भावालाच सांगतो जागा धरायला, आवाज न चढवता.

बडी मात्र कुंपणापाशी नाही. घरी ओसरीवर बांधा, माझी बायको भाकरी घालेल.

कोळीण_हर्णै
येताना हर्णैवरून या. जवळा ठेवते. धुतलेला.

ट्रॅक्टर_आहे_का
गाडी वर देवळापाशी लावा हो.