विषय: उरुग्वे, जुलै आणि पोहायचे कपडे

नमस्कार मंडळी,
मुलांच्या शाळा संपल्या की उरुग्वे, असं ठरलंय. म्हणजे नवऱ्यानं परस्पर ठरवलंय. ७ ते १८ जुलैची मोंतेविदेओची तिकिटंही काढून झाली. पुंता देल एस्तेला आठवडाभर वाळूत लोळायचा बेत आहे. कुणी गेलंय का तिकडे? मुलांचे पोहायचे कपडे घेतलेत.
– मृणाल

---

मृणाल,
पावती असेल तर कपडे परत कर. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा. दिवसा बारा-चौदा अंश, रात्री सहा-सात, आणि आग्नेयेचा वारा सुटला की स्वेटर घातलाय की नाही तेच कळत नाही. तिकिटं मात्र ठेव. आम्ही दोघं ऑगस्टात दहा दिवस होतो, आणि पुन्हा गेले तर मी ऑगस्टातच जाईन.

गाव म्हणजे समुद्रात घुसलेलं एक टोक. एका अंगाला मान्सा, शांत किनारा. दुसऱ्या अंगाला ब्रावा, खवळलेला. ब्रावावर वाळूतून पाच अवाढव्य बोटं वर आलीत, चिलीच्या मारिओ इरार्रासाबाल यांनी १९८२ साली केलेली. जानेवारीत तिथे फोटोसाठी रांग असते. आम्ही गेलो तेव्हा एका बोटाच्या आडोशाला एक आजोबा काखेत थर्मास धरून माते, म्हणजे तिकडचा कडवट पानांचा चहा, पीत बसले होते. त्यांना ऊठ म्हणवेना. मग आम्हीही शेजारचं बोट धरलं आणि वारा पडायची वाट बघत बसलो.

आमच्या गॅलरीसमोर वीसेक मजल्यांची इमारत होती. रात्री खिडक्या मोजल्या, उजेड सातच. बाकी सगळ्यांची शटरं खाली, मालक नाताळला उगवणार. गोर्लेरो या मुख्य रस्त्यावरही कितीतरी दुकानं बंद. पण बेकरी, औषधाचं दुकान, सुपरमार्केट चालू, कारण बारा महिने राहणारी माणसंही आहेत, आणि त्यांना हिवाळ्यात बोलायला वेळ असतो. (माझं स्पॅनिश दुकानापुरतं. तरी तासभर बोललो!)

बंदरावर सकाळी नक्की जा. मासेवाला मासा साफ करत होता आणि खाली पाण्यातून एक भलामोठा समुद्रसिंह मान वर काढून, तोंड उघडून, आपल्याकडे मासळीबाजारात मांजर बसते तसा थांबलेला. आतडी पडली की मिटलं तोंड. नशीब असेल तर किनाऱ्यावरून देवमासेही दिसतात. जुलैपासून यायला लागतात.

एक चूक आम्ही केली, ती करू नकोस. पहिल्या तीन रात्री समुद्राकाठचा स्वस्तातला बंगला घेतला होता. फोटो जानेवारीतले. घर उन्हाळ्यासाठी बांधलेलं, हीटर नाही, चादरी दमट, शेकोटी होती पण लाकडं ओली. धुरानं डोळे चोळत आम्ही कोट घालून जेवलो. तेव्हा पैसे भरायच्या आधी विचार, घर गरम कशानं होतं? ‘शेकोटी आहे’ म्हणाले तर लाकडं कोण आणून देणार, तेही विचार.

काबो पोलोनिओला, म्हणजे किनाऱ्यावरच्या एका छोट्या वस्तीला, जाणार असाल तर वाळूच्या टेकड्यांवरून ट्रकनं जावं लागतं, आणि तिथे विजेच्या तारा पोचलेल्या नाहीत. परतीचा शेवटचा ट्रक किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारायचं. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात. दिवस सहाच्या आतच मावळतो.
– अनघाताई

---

मृणाल,
अनघानं खाण्याचं काहीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. पावसाळी दिवशी रस्त्यावर ‘तोर्ता फ्रिता’ विकतात. दिसायला थेट आपली जाड पुरी. मी दोन मागवल्या, नंतर कळलं की पीठ गाईच्या चरबीत मळतात आणि बहुतेक तळतातही त्यातच. हिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. शाकाहारी असाल तर ‘फाइना’ मागा: हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजलेलं. म्हणजे बेसनाचं धिरडंच, फक्त जाड. वर मिरपूड. पिझ्झाच्या दुकानात मिळतं. लोणचं घरून न्या.
– वसंतकाका

---

ताई, काका,
कपडे परत होत नाहीत म्हणे, सेलचे होते. तिथल्याच किनाऱ्यावरच्या पिरिआपोलिस गावात १९३० साली उघडलेलं आर्हेंतिनो हॉटेल आहे, तिथे गरम पाण्याचा तलाव असल्याचं वाचलं. यंदा चालू आहे का, ते विचारायला नवऱ्याला बसवलंय. तोवर लोकरीच्या टोप्या कुणाकडे जास्तीच्या असतील तर कळवा, मापं सहा आणि नऊ वर्षांची.
– मृणाल